फुकट पहारेकऱ्याचं पोट

उस्ताज इज्जत शाहीन यांना या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी मांडलेलं बरं. जमेच्या बाजूला: मुलीचं, नीरमीनचं, ठरत आलेलं लग्न, कुवेतमध्ये तेल कंपनीत चिकटलेला जावई, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचे वाचणारे दीडशे पौंड. खर्चाच्या बाजूला: काही नाही.

खर्चाची बाजू कोरी दिसली की आमच्या शुब्रा वस्तीतला माणूस दचकतो. उस्ताज इज्जत तर जन्मभर सरकारच्या मोफत सेवा शुल्क विभागात होते. नागरिकांना सरकारकडून जे जे मोफत मिळतं, त्याचं शुल्क वसूल करणं हे या विभागाचं काम. मोफत उपचारांच्या अर्जाला तिकीट, मोफत शिक्षणाच्या दाखल्याला शिक्का, आणि शिक्क्याला शाई लागते म्हणून शाई निधी. 'मोफत' हा शब्द कानावर पडला की उस्ताजांचा हात आपोआप पावतीपुस्तकाकडे जाई. निवृत्तीनंतरही जातो, तिथे आता टीव्हीचा रिमोट असतो, एवढंच.

तर या घरच्या कॉम्प्युटरमध्ये हेर शिरला होता. काहीही उघडा, आधी एक कमी कपड्यांतली बाई पडद्यावर येऊन विचारी, वजन कमी करायचंय का? उस्ताजांच्या पत्नी मादाम इन्साफ यांनी तिच्यावर टेबलक्लॉथ टाकून पाहिला. ती खालून बोलत राहिली. शुक्रवारी मुलाची आई, हज्जा करीमान, कुवेतहून याच कॉम्प्युटरवर नीरमीनला पाहणार होत्या आणि लग्नाची तारीख ठरणार होती. तोवर ती बाई घराबाहेर जाणं आवश्यक होतं.

नीरमीन कॉलेजात शिकवते. तिने एक प्रोग्राम आणून घातला. मी समोरच्याच दारातला शेजारी, चहाला गेलो होतो. प्रोग्रामने मुकाट्याने घर झाडलं, कोनाकोपऱ्यातून हेर काढले, आणि 'झालं' म्हणून गप्प बसला. बाई नाहीशी झाली.

"किती पडले?" उस्ताजांनी विचारलं.

"फुकट आहे, बाबा."

"ते कळलं. किती पडले?"

"अहो, खरंच फुकट. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय. आतलं सगळं कुणालाही उघडून वाचता येतं."

"आतलं कुणीही वाचावं? म्हणजे लाजलज्जाही नाही." उस्ताजांनी कप खाली ठेवला. "आणि याचं पोट कशावर चालतं?"

"कशावरच नाही."

"पोरी, ज्याचं पोट कशावर चालतं ते कळत नाही, त्यालाच हेर म्हणतात."

मी मान डोलावली. चहा त्यांचा होता.

त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे टॅक्सीवाला भाडं विचारल्यावर म्हणतो, "राहू द्या, तुमच्याकडून काय घ्यायचं." खाटीक म्हणतो, न्हावी म्हणतो. आपण "नाही, नाही, घ्याच" म्हणायचं, त्याने आणखी दोनदा नको म्हणायचं, आणि मग ठरल्या भावापेक्षा थोडं जास्तच द्यायचं, कारण माणूस इतका भला निघाला. चौथ्या मजल्यावर एकदा एक परदेशी राहायला आला होता. खाटीक "राहू द्या" म्हणाला तर हा खरोखरच आभार मानून, दोन किलो मटण उचलून घरी गेला. खाटकाने दुकान बंद करून अंथरूण धरलं. गल्लीत अजून ती गोष्ट लहान मुलांना सांगतात.

म्हणून उस्ताजांनी रीतीप्रमाणे प्रोग्रामला पैसे देऊ केले. म्हणजे पैसे कुठे भरायचे, ते दोन दिवस शोधलं. कुठेही पावती नाही, काउंटर नाही. तीनदा आग्रह करूनही जो घेत नाही, तो भला नव्हे; त्याला यापेक्षा मोठं काहीतरी हवं असतं. गुरुवारी सकाळी नीरमीन कॉलेजात गेल्यावर उस्ताजांनी त्या फुकट पहारेकऱ्याला कॉम्प्युटरबाहेर काढलं.

अर्ध्या तासात बाई परतली. या वेळी पूर्ण कपड्यांत होती आणि चेहऱ्यावर काळजी होती. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हेर आहेत," ती म्हणाली. "सोनेरी पहारेकरी घ्या. एकोणपन्नास डॉलर."

उस्ताजांनी मला हाक मारून बोलावलं. "पाहा. याला म्हणतात धंदा. किंमत आहे, पावती नंबर आहे."

"पण उस्ताज, ही तर तीच बाई."

"मग? घरात काय काय शिरलंय ते तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

एकोणपन्नास मात्र त्यांनी मान्य केले नाहीत. दुकानातून पाठ फिरवून निघावं तशी त्यांनी खिडकी बंद करायला घेतली. लगेच दुसरी उघडली: थांबा, खास तुमच्यासाठी एकोणचाळीस. उस्ताजांनी तीही बंद केली. तिसरी आली: एकोणतीस, शेवटचा भाव.

"खानदानी आहे," उस्ताज म्हणाले. "जाणाऱ्याला हाक मारतो. तुझ्या त्या फुकट्याने मला एकदा तरी हाक मारली?"

फुकट्या माझा नव्हता. उस्ताजांनी पेन्शनचं कार्ड काढलं. त्याच खात्यात नीरमीनच्या फ्रिज आणि वॉशिंग मशीनसाठी साठवलेले नऊ हजार पौंड होते. आमच्याकडे स्वयंपाकघर मुलीकडच्यांनी भरायचं असतं. सोनेरी पहारेकऱ्याने कार्डाचा नंबर घेतला, पावती दिली आणि अदबीने विचारलं, तुमच्या ओळखीच्यांनाही कळवू का? उस्ताजांनी 'हो' दाबलं. एवढ्या आदराने विचारणाऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

संध्याकाळी मला उस्ताज इज्जत शाहीन यांच्या सहीचं पत्र आलं. टकलावर केस उगवून देणाऱ्या तेलाची त्यांनी माझ्यासाठी वैयक्तिक शिफारस केली होती. मला राग आला नाही. मी भाव पाहिला.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे कॉम्प्युटरसमोर बसले. नीरमीनने नवा ड्रेस घातला होता. पडद्यावर हज्जा करीमान प्रकटल्या, म्हणजे त्यांचा जेवढा भाग पडद्यात मावतो तेवढा. त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही.

"उस्ताज इज्जत, तुमचं पत्र मिळालं."

"कुठलं, हज्जा?"

"'सहा आठवड्यांत निम्म्या व्हा.' खाली तुमची सही. बाईचा फोटोही आहे. शेजारच्या बायकांना दाखवला मी."

मादाम इन्साफ यांनी डोळे मिटले. नीरमीनने वडिलांकडे पाहिलं, मग पडद्याच्या कोपऱ्यात चमकणाऱ्या सोनेरी ढालीकडे, आणि तिला सगळं समजलं. "बाबा, माझा प्रोग्राम कुठे आहे?"

"त्याला काढलं," उस्ताज पुटपुटले. "पोटाचा पत्ता लागत नव्हता."

"माझ्या मुलाला मुली पुष्कळ मिळतील," हज्जा म्हणाल्या, आणि त्यांचा हात बंद करायच्या बटणाकडे निघाला.

लग्न मोडणं त्या हाताच्या अंतरावर होतं. उस्ताज उठून उभे राहिले आणि माणूस बुडताना जे हाती लागेल ते धरतो, तशी त्यांनी रीत धरली. "हज्जा, तुमच्या मानापुढे काय आहे? झोपायच्या खोलीचं फर्निचर मुलाकडून यायचं ना? राहू द्या. तुमच्याकडून काय घ्यायचं. ते आमच्याकडून."

आता हज्जांनी "छे, असं कसं" म्हणायचं होतं. मग उस्ताजांनी आग्रह करायचा, मग त्यांनी पुन्हा नको म्हणायचं, मग सगळ्यांनी हसून फर्निचर होतं तिथेच ठेवायचं. हज्जा मूळच्या शुब्राच्या. त्यांना हे उस्ताजांइतकंच पाठ होतं.

हज्जांनी हात मागे घेतला. उस्ताजांकडे नीट पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मला चौथ्या मजल्यावरचा परदेशी आठवला.

"दिवाणखान्याचंही असंच काही बोलणार होतात का?" हज्जांनी गोड आवाजात विचारलं.

"नाही," मादाम इन्साफ घाईने म्हणाल्या. आणि तारीख ठरली.

दोन दिवसांनी बँक उघडली तेव्हा उस्ताज मला घेऊन तिथे गेले. खात्यात अकरा पौंड होते. सोनेरी पहारेकऱ्याने रात्रीतून उरलेल्या आयुष्याच्या पहाऱ्याचे पैसे आगाऊ कापून घेतले होते. तक्रार नोंदवणं मोफत होतं. अर्जाचे वीस पौंड पडले, आणि वर शाईचे दोन. ते मीच भरले म्हणून उस्ताजांनी मला दुवा दिली, आणि मनोमन विभागाला सलाम केला.

घरी नीरमीनने जुना प्रोग्राम पुन्हा घातला. त्याने सोनेरी ढाल उचलून बाहेर टाकली, 'झालं' म्हटलं आणि गप्प बसला. उस्ताज जवळ खुर्ची ओढून अजून त्याच्यावर नजर ठेवून असतात. कधीतरी मागेलच, म्हणतात.

तर शेवटचा हिशेब. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि झोपायची खोली: उस्ताज इज्जत, हप्त्यांनी. मान: हज्जांचा, व्याजासकट वसूल. अर्जाचे बावीस पौंड आणि तेलाची एक बाटली: मी, केस अजून नाहीत. ज्याने काम केलं, त्याला कुणी काही दिलं नाही, आणि बदनामही फक्त तोच झाला.

आणि ही एवढी गोष्ट तुम्ही बसल्या जागी ऐकलीत, तिचे किती?

राहू द्या. तुमच्याकडून काय घ्यायचं.