याकूबभाई गॅस भरत नाहीत

मुरुडला गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे आमचे शेजारी याकूबभाई इंजिन चालू झालं की कोणालाही बोलू देत नाहीत. "गप बसा, कॉम्प्रेसर बोलतोय," म्हणतात आणि बॉनेटमध्ये कान घालतात. एकदा एक पर्यटक मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत होता. भाईंनी त्याला हाताला धरून समोरच्या नारळाच्या वाडीत नेऊन उभं केलं. "तुमचं तिकडं होऊ द्या, हिचं इकडं."

"गॅस भरून द्या" एवढं ऐकलं की त्यांचं डोकंच फिरतं. "गॅस काय गाडी पिते? कुठनं तरी जातोच ना? आधी भोक शोधू, मग गॅस."

यंदा मे महिन्यात माझी मुलगी बाळंतपणाला यायची होती. तिला माणगावहून, सासरून आणायचं, आणि आदल्याच दिवशी एसीतून गरम वारा यायला लागला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गॅस भरून आठवडाही झाला नव्हता. मी भाईंकडे धावलो आणि घाईत नेमकं तेच बोलून गेलो.

भाईंनी गॅसची टाकी बाजूला सरकवली. मग साबणाचा फेस केला आणि ब्रशनं पायपांच्या एकेका जोडावर लावला. काही नाही. बंपर उतरवला. त्यामागच्या, एसीचा गॅस गार करणाऱ्या जाळीवर एक तेलकट, धुळीनं माखलेला डाग होता. तिथं फेस लावताच बारीक बुडबुडे फुटायला लागले.

भाई एकदम खूश. "बघा, खाऱ्या हवेनं जाळी खाल्ली."

संध्याकाळपर्यंत अलिबागहून नवी जाळी आली, बसली, मगच गॅस भरला. गार वारा सुटला. मी निघणार, तोच भाई मागच्या सीटवर येऊन बसले.

"पोरगी मागं बसणार ना? मग मागं गार लागतं का बघू. चला आगरदांड्यापर्यंत."

तिथल्या धक्क्यावर गाडी थांबवली तरी भाई उतरले नाहीत. समोर दिघीची फेरीबोट सुटत होती.

"माझी बायको अशीच बाळंतपणाला माहेरी निघालेली," ते म्हणाले. "भर उन्हात, जीपमधनं. पार कोमेजली. मूल वाचलं नाय. मी तिकडं दुबईत शेखांच्या गाड्या गार करत होतो."

मी इंजिन बंद केलं.

"तिनं मला कधी बोलून दाखवलं नाय," भाई म्हणाले. "गेली तोपर्यंत नाय."

मी गाडी वळवली. थोड्या वेळानं त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एसी झाला म्हणून उन्हाचं आणू नका तिला," म्हणाले. "सकाळीच निघा."