भाऊजींच्या गोष्टीतला मचवा

आमचे भाऊजी गोष्टीतल्या खोट्या माणसांना नावं द्यायला गावभर विचारत फिरायचे. शाळेतल्या मुलांच्या गोष्टीत एखादा पांडू यायचा असला, तर गावात कुणी पांडू आहे का, मेलेला असला तर त्याची बायको आहे का, तिची काही हरकत आहे का, एवढं पाहिल्याशिवाय तो पांडू गोष्टीत पाऊल टाकत नसे. एकदा गोष्टीतल्या चोराला नाव मिळेना. ज्या नावाला हात घालावा त्या नावाचा कुणीतरी भला माणूस गावात निघायचा. शेवटी तो चोर बिननावाचाच राहिला, आणि बिननावाच्या माणसावर आळ घेणं बरं नव्हे म्हणून भाऊजींनी त्याला चोरीही करू दिली नाही.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. मुरुडजवळच्या आमच्या गावी मराठी शाळेत सातवीला शिकवायचे. घरात सासूबाई, भाऊजी आणि मी. माझे यजमान भाऊजींचे धाकटे भाऊ. स्वराज्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी ते वाडीचे नारळ मचव्यात भरून मुंबईला निघाले, ते परत आले नाहीत. वादळ झालं. आमच्या खाडीच्या तोंडाशी खडकांवर मचव्याच्या फळ्या लागल्या, माणूस कुणी लागला नाही. म्हणून मी कुंकू लावत होते. असा गेलेला माणूस सापडला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्याकडे रीत. ती वर्षं भरत आली होती. सासूबाई भाऊजींना उठता-बसता म्हणायच्या, "माझे डोळे मिटायच्या आत त्याला पाणी मिळू दे रे." भाऊजी म्हणायचे, "आराखडा करतो."

आराखडा हा त्यांचा शब्द. पेरू तोडायचा तरी आधी कुठल्या फांदीवर कुठला पाय ठेवायचा हे ते जमिनीवर काडीने काढत. तेवढ्यात पेरू खार खाऊन जाई. मग भाऊजी म्हणत, "खारीला आराखडा नसतो, म्हणून ती खार राहिली." लग्नाचाही आराखडा त्यांनी केला होता म्हणे. तो पुरा होईपर्यंत मुलगी म्हसळ्याला दिली गेली. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला आराखडा येत नाही. आठवेल तसं लिहिते आहे.

त्या वर्षी शाळेत वरून हुकूम आला, की मुलांनी मिळून एक गोष्ट रचावी आणि तपासणीच्या दिवशी साहेबांपुढे वाचावी. भाऊजींना आनंद झाला. शाळा सुटली की मुलं आमच्या ओटीवर जमू लागली. मी आत तांदूळ निवडताना सगळं ऐकत असे.

"गोष्ट खोटी असेल, तर तिच्यात काय खोटं चालेल?" भाऊजी विचारत.

"माणसं!" मुलं ओरडत.

"आणि काय चालणार नाही?"

"भरती!"

कारण निम्मी मुलं कोळीवाड्यातली. भाऊजींचा नियम होता, की तिथी, वारा आणि पाणी यांत एवढाही फरक करायचा नाही. माणूस खोटा असला तरी त्याचे पाय खऱ्या पाण्यात भिजले पाहिजेत.

मुलांनी ठरवलं, गोष्ट मचव्याची. मचवा नारळ घेऊन मुंबईला निघतो, वादळात सापडतो आणि परत येतो. "अष्टमीला निघेल," भाऊजी म्हणाले. "त्रयोदशीला वादळ." माझ्या हातातलं सूप थांबलं. हे आमच्याच मचव्याचे दिवस होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि जपमाळ पुढे ओढली. ओटीवर मुलं मचवा हाकणाऱ्या तांडेलाच्या मिशीवरून भांडत होती.

मग भाऊजींनी मुलांना माहिती काढायला कोळीवाड्यात पाठवलं. पोरं दारोदार गेली आणि विचारू लागली, "अष्टमीला गेलेला मचवा पौर्णिमेपर्यंत नाही आला, तर कुठं असेल?" गोष्टीचं नाव कुणी काढलं नाही. तासाभरात कोळीवाड्याच्या चुली विझल्या. बायका सुकत घातलेली मासळी तशीच टाकून किनाऱ्यावर धावल्या. ज्यांचे नवरे घरात घोरत होते त्यासुद्धा धावल्या. कुणी दर्यात नारळ सोडला, आणि एकीने नवस बोलून टाकला. मचवा कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण रडं सगळ्यांना येत होतं.

संध्याकाळी हिराबाय आमच्या ओटीसमोर येऊन उभी राहिली. ती म्हाताऱ्या धाकू तांडेलाची सून. कमरेवर हात.

"मास्तर, तुमी पोरांना शिकवता का बायांना रडवता? माजा नवरा घरान झोपलेला नि मी त्याच्या नावानं दर्यावर बोंब मारतंय! उठून आला तर मीच घाबरलू!"

"हिराबाय, ती गोष्ट आहे."

"गोष्ट हाय, मंग आदी सांगाचा ना! आज एकीच्या घरान भात न्हाय शिजला."

भाऊजी पुटपुटले, "चुकलं. विचारण्याचा आराखडा करायचा राहिला."

हिराबाय तणतणत फाटकापर्यंत गेली आणि तिथून वळली. आवाज खाली आला होता.

"मास्तर, पन मंग आला का न्हाय तो मचवा?"

"अजून नाही," भाऊजी म्हणाले.

त्या दिवसापासून सगळा गाव त्या मचव्याची वाट पाहू लागला. बाजारात भाऊजींना मासळी द्यायच्या आधी बायका विचारायच्या, "कुठवर आला?" न्हावी हजामत अर्धी सोडून विचारायचा. भाऊजी खिन्न होऊन सांगायचे, "अजून खांदेरी बेटाच्या पलीकडेच आहे."

कारण मचवा येत नव्हता. भाऊजी रोज धाकू तांडेलाकडे जायचे, वाळूत खाडीचं तोंड काढायचे, खडक म्हणून शिंपले मांडायचे आणि नारळाच्या करवंटीचा मचवा सरकवत विचारायचे, "तांडेल, असा आला तर?" म्हातारा मान हलवायचा. वादळ खाल्लेला मचवा वाऱ्यावर वाहत खाडीशी येणार पौर्णिमेच्या संध्याकाळी. आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या खाडीत ओहोटी. खडक उघडे पडलेले. दुपारच्या भरतीला तो पोचत नव्हता. मध्यरात्रीच्या भरतीपर्यंत तो तगत नव्हता.

भाऊजींनी नारळ समुद्रात फेकून मचवा हलका केला. शीड फाडलं, पुन्हा शिवलं. दोन खलाशी कमी केले, मग त्यांची दया येऊन परत घेतले. धाकू तांडेल म्हणायचा, "न्हाय मास्तर. त्या वाऱ्यान न्हाय."

एकदा मी वाडीत शिंपण करत होते. कुंपणापलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "मास्तर, खोटाच मचवा हाय. आना ना घरी. कोन इचारतंय?"

वाळूत करवंटी पुन्हा सरकल्याचं ऐकू आलं. मग भाऊजी म्हणाले, "खरा आला असता का, ते बघायचंय मला."

तेव्हा मला कळलं, की बारा वर्षं हा माणूस पेरूच्या झाडाखाली काडीने काय काय काढत होता. मला वाटायचं, वाट पाहणारी मी एकटी. मी निदान दाराकडे पाहत होते. ते पाण्यात उभे राहून प्रत्येक वाटेने माझ्या यजमानांना आणू पाहत होते, आणि प्रत्येक वाट खडकावर संपत होती.

ओटीवर मुलं कंटाळली. एक लहानखुरी मुलगी म्हणाली, "गुरुजी, येऊ द्या ना भरती थोडी लवकर. एकदाच." बाकीची मुलं तिच्यावर ओरडली. भाऊजी ओरडले नाहीत.

तपासणीच्या दिवशी गावातली माणसं शाळेच्या खिडक्यांशी दाटली होती. मीही सासूबाईंना घेऊन मागच्या पडवीत बसले. साहेब घाटावरचे होते, समुद्र पाहून आल्यापासून नाकाला रुमाल लावून होते. त्या लहानखुऱ्या मुलीने गोष्ट वाचली. पौर्णिमेची संध्याकाळ झाली. चंद्र वर आला. आणि खाडीत भरती आली. पाणी खडकांवर चढलं, मोडका मचवा अलगद आत आला, आणि तांडेलाने धक्क्यावर उडी मारली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "वा! निसर्गवर्णन फार हुबेहूब आहे."

कोळ्यांची मुलं एकमेकांकडे पाहू लागली. पौर्णिमेच्या संध्याकाळी होड्या चिखलात बसलेल्या असतात, हे त्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुणी हसलं नाही. खिडकीतून धाकू तांडेलाने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. हिराबाय पदराने डोळे पुसत म्हणाली, "आला गो बाय, आला एकदाचा."

भाऊजी फळ्याकडे तोंड करून उभे होते. फळा कोराच होता, तरी पुसत होते.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, कार्तिकात त्याचं करून घेऊ." सासूबाईंनी जपमाळ डोळ्यांना लावली. मी चुलीत लाकूड सारलं.

विधीच्या दिवशी उपाध्ये ओटीवर पळसाची पानं आणि दर्भ मांडून माणूस करू लागले. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भाऊजी बघत होते. मग एकदम म्हणाले, "एवढा बुटका नव्हता तो."

उपाध्ये म्हणाले, "मास्तर, पानं मोजून ठरलेली असतात. उंची नसते."

"पानं तेवढीच असू देत. जरा लांब लांब लावा." भाऊजी उठले, सरळ उभे राहिले आणि कानापाशी हात आडवा धरला. "इथपर्यंत यायचा. आराखडा नाही, आठवण आहे."

उपाध्यांनी नाइलाजाने पानं विरळ केली. मी दाराआड होते. चार पुरुषांसमोर माझा आवाज कधी निघाला नव्हता. तो कसा निघाला कोण जाणे.

"कानाच्या वर," मी म्हणाले. "भुवईपर्यंत."

भाऊजींनी मागे वळून पाहिलं नाही. हात हळूच वर सरकवला, भुवईशी आणला आणि तिथेच थोडा वेळ धरून ठेवला.

"बरोबर," ते म्हणाले. मग स्वतःच खाली बसले आणि पायाकडची पानं एक एक करून थोडी खाली ओढू लागले.