वाणाचे टोमॅटो

हळदीकुंकवाच्या बायका गेल्या आणि श्यामकांत बिवलकर बेडरूममधून बाहेर आले. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या फ्लॅटमध्ये अशा दिवशी पुरुषाने दार लावून पडून राहायचं, हा घरचा कायदा होता. ते रोपांना पाणी घालायला मागच्या बाल्कनीत गेले आणि भरलेली झारी तशीच घेऊन परत आले.

"मीनाक्षी, माझी रोपं कुठायत?"

"ती टोमॅटोची? लुटली की."

"लुटली म्हणजे?"

"अहो, वाण म्हणून. दर वर्षी काय ते प्लॅस्टिकचे डबे द्यायचे? हल्ली सगळ्या रोपंच देतात. आणि तुम्ही आयती तयार ठेवली होतीत, अच्छा झालं. नेमकी पुरली बघा."

श्यामकांत स्टुलावर बसले. आयती. त्या रोपांपायी माणसाचं अख्खं आयुष्य गेलं होतं आणि बायको म्हणत होती आयती.

आता हे टोमॅटो साधे नव्हते, हे सांगायला हवं. पानावर ऊन पडलं की आत इलेक्ट्रॉनांची धावपळ सुरू होते आणि त्यातून झाडाचा स्वयंपाक होतो. ऊन फार झालं की गर्दी होते. तेव्हा ऑक्सिडेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जादाचे इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनच्या गळ्यात घालतं आणि त्याचं चक्क पाणी करून टाकतं. श्यामकांतांच्या टोमॅटोत हे विकर जन्मतःच नव्हतं. सावलीत ठेवलं तर झाड हिरवं राही, उन्हात ठेवलं की पांढरंफटक पडे. ऑक्सिडेज काय करतं, हे ते नसलेल्या झाडाला विचारायचं, या एका युक्तीवर श्यामकांतांनी सरकारी प्रयोगशाळेत केस पिकवले होते.

काय दिवस होते ते. लक्ष्मीबाई नगरचं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, नवं लग्न. प्रयोगशाळेतला कूलर बंद पडला की श्यामकांत कुंड्या सायकलला लटकवून घरी आणत आणि स्वयंपाकघरात ठेवत. मग नवी नवरी खिडकीला चादर लावून, अंधारात चाचपडत पोळ्या लाटी. माहेरी तिने लिहिलं होतं, की हे स्वभावाने चांगले आहेत, फक्त उजेडाला घाबरतात.

पुढे श्यामकांत निवृत्त झाले, प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत गेली आणि त्या गडबडीत बियांचा फ्रिज भंगारात गेला. घरच्या कपाटात एक जुनी पुडी उरली होती. तिच्यातल्या मूठभर बिया काय त्या रुजल्या. त्यांची शेवटची विद्यार्थिनी अवनी एप्रिलमध्ये नागपूरहून नवं बी न्यायला येणार होती. एखाद्या तरी झाडाला फळ धरलं नाही, तर ही जात संपलीच.

"मी जाऊन परत मागून आणतो," श्यामकांत म्हणाले.

"वाण परत मागतात का कुणी? मला चार बायकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

शेवटी मीनाक्षीबाईंच्या फोनवरून बायकांच्या ग्रुपवर श्यामकांतांनी निरोप टाकला. त्यात ऑक्सिडेज होतं, इलेक्ट्रॉन होते आणि सगळ्यात खाली 'उन्हात ठेवू नये' असं होतं. तिथवर कुणी पोचलंच नाही. उत्तरादाखल हात जोडलेली चित्रं आली आणि मागोमाग फोटो. फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकीने रोप गच्चीवर, भर उन्हात ठेवलेलं. जानेवारीत धुकं फाटून जरा धूप आली की दिल्लीकर रजया, मोहरीची लोणची आणि सासवा, सगळं उन्हात नेतो. तिथे रोपाला कोण मागे ठेवणार?

फेब्रुवारीत फोटो यायचे बंद झाले. श्यामकांतांनी ओळखायचं ते ओळखलं. तरी मार्च सरता सरता त्यांना राहवेना.

"एकदा सगळ्यांकडे जाऊन येतो. मागत नाही, नुसतं बघतो."

मीनाक्षीबाईंचा चेहरा उतरला. "आज नको. परवा जा," त्या म्हणाल्या.

परवा श्यामकांत आधी शेजारच्या सेक्टरमध्ये वृंदाताईंकडे गेले.

"या भावोजी. बघा तुमचं वाण," वृंदाताई अभिमानाने म्हणाल्या. "ऊन भरपूर दिलं हं मी."

झाड कमरेएवढं होतं, हिरवंगार, लालबुंद टोमॅटोंनी वाकलेलं. या उन्हात हे हिरवं आहे, म्हणजे याच्यात ऑक्सिडेज आहे. म्हणजे हे आपलं नव्हे.

"छान आहे," ते कसंबसं म्हणाले.

देविकाबाईंकडेही तेच. पुढच्या घरीही तेच. जितकं झाड टवटवीत, तितके श्यामकांत कोमेजत चालले. एका घरी तर कुंडीवर नर्सरीची चिठ्ठी तशीच होती. प्रत्येक ठिकाणी त्यांनी चहा घेतला, झाडाचं कौतुक केलं आणि मेट्रोत बसून खिडकीबाहेर बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना हिरव्या रंगाचा राग आला.

शेवटचं घर लक्ष्मीबाई नगरला, स्वरूपाचं. ती मंत्रालयात नोकरीला. तिने दार उघडलं तेच रडवेल्या तोंडाने.

"सॉरी काका. काकूंचा फोन आला होता, पण ऑफिसमुळे जमलंच नाही."

"कसला फोन?"

"हेच, की काका येतायत, झाडं पांढरी पडलेली बघून त्यांना फार लागेल, तर नर्सरीतून हिरवं आणून ठेवा. सगळ्यांनी आणलं. माझं बिचारं तसंच राहिलं. मी त्याला कधी उन्हातसुद्धा नेलं नाही, यार. काकूंना सांगू नका हं."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दुधी काचेच्या खिडकीखाली एक किडमिडीत झाड उभं होतं. पानं अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. त्याला एकच टोमॅटो, पिवळट केशरी. श्यामकांतांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही त्यांना नीट दिसेना.

"काका, इतकं वाईट झालंय?"

"नाही गं. असंच असतं ते," ते म्हणाले.

घरी मीनाक्षीबाई दारातच उभ्या होत्या. "कशी होती झाडं?"

"हिरवीगार. सगळ्यांनी जपली."

मीनाक्षीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग नवऱ्याच्या ओंजळीतलं फळ त्यांना दिसलं.

"हे असं फिक्कट कुठलं?"

"आपलं. स्वरूपाकडचं."

मीनाक्षीबाई समजायचं ते समजल्या. त्यांनी ते फळ अलगद एका वाटीत ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "अहो, पण त्याला ऊन का सोसत नाही? नीट सांगा एकदा."

इतक्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. श्यामकांत हरखून गेले. पार इलेक्ट्रॉनांच्या उगमापासून त्यांनी सुरुवात केली. दिवेलागण झाली तरी ते ऑक्सिजनपर्यंत पोचले नव्हते.

"थांबा," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "म्हणजे कुकर आहे, शिट्टी नाही. आणि आम्ही गॅस मोठा केला."

तीस वर्षांची नोकरी, सगळे शोधनिबंध, परिषदांमधली भाषणं, सगळं श्यामकांतांनी मनातल्या मनात पुन्हा तपासून पाहिलं. चूक कुठेच सापडेना.

"हो," ते म्हणाले. "एवढंच आहे."

"मग हे तुम्ही ग्रुपवर का नाही लिहिलंत?"