पुढचे विमान कोणते?

विचार न करता केलेले काम लवकर होते, आणि म्हणूनच त्याला किंमत नसते. लोणावळ्याच्या आमच्या नमुना-विमान मंडळाचे (स्थापना १९३४, सभासद पाच, चिटणीस अस्मादिक) पहिले विमान दोन आठवड्यांत तयार झाले, कारण सुट्या भागांची पेटी एकच होती. ते उडाले, मैदानाच्या कडेच्या चिंचेत अडकले आणि संपले. असली घाई पुन्हा होऊ द्यायची नाही, असा ठराव आम्ही त्या चिंचेखालीच केला.

पुढे अध्यक्ष माधवराव, म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड, यांच्या जावयाने (तो आगबोटीवर नोकरीला) विलायतेहून दोन पेट्या पाठवल्या. प्रत्येकीत पाच फुटी पंखांच्या विमानाचे सुटे भाग. कापसासारखे हलके लाकूड, पातळ कागद आणि जोडणीचा नकाशा. एक विमान दुहेरी पंखांचे, दुसरे पाण्यावर उतरणारे. आधी कोणते जोडायचे? हा काय आज भाजी कोणती करायची असला प्रश्न आहे?

निवड शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून नियम केले. निर्णय एकमतानेच व्हावा. तोवर पेटी उघडू नये, कारण आतला माल दिसला की माणूस पाघळतो. पाण्यावरच्या विमानाच्या बाजूने मुद्दा असा, की लोणावळ्यात चार महिने पाणीच पाणी. विरुद्ध मुद्दा असा, की त्या पाण्यात छत्री टिकत नाही, विमान काय टिकणार? दुहेरी पंखांच्या बाजूने गंगाधर मास्तर दोन तास बोलले. विरुद्ध बाजूनेही तेच बोलले (दुसरे कोणी तयार होईना). चार वर्षांत सभा एकसष्ट, पोटसमित्या तीन, खाल्लेली गूळदाणी अकरा शेर. निर्णय होण्याच्या बेतात.

घाई फक्त माधवरावांना होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बासष्टाव्या सभेत ते ताडकन उठले आणि कोपऱ्यातल्या कोटाच्या खुंटीला (मी समजून) म्हणाले, "अहो चिटणीस, कुठलंही काढा, पण मला दिसतंय तोवर काढा! माझ्या हातचं विमान उडताना एकदा बघायचंय हो मला!"

टाकव्याचा भिमाजी सुतार आमचा पाचवा सभासद, आणि विमान खरोखर जोडता येणारा एकमेव. तो माधवरावांना म्हणाला, "आबा, कुटलं बी काडा. पंधरा दिसांत जोडून देतो."

मला अगदी भरून आले. दोन्ही सूचना भावनेच्या भरात आल्याची मी नोंद केली आणि प्रश्न देवावर सोपवला.

मुहूर्त ठरायला तीन महिने गेले, मग टाकव्याच्या भैरवनाथाला कौल लावला. देवाच्या दोन्ही बाजूंना फुले चिकटवायची. उजवे पडले तर होय, डावे पडले तर नाही. नथू गुरवाने विचारले, "द्येवा, दुहेरी पंखाचं करू का?" उजवे फूल पडले. पण एकाच बाजूचे ऐकून निकाल घेणे न्यायाला धरून नव्हते. "पान्यावरचं करू का?" पुन्हा उजवेच पडले. 'मग काहीच करू नये का?' असे विचारून घ्या म्हणालो, तर नथू उखडला. "दोनदा व्हय म्हनला की द्येव! आता काय त्यानंच खाली उतरून जोडून द्यावं?" देवाचे मत अजून बनलेले नाही, अशी नोंद करून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षांनीच नियम मोडला. एव्हाना त्यांना उजेड तेवढा कळत होता. भिमाजीचा हात धरून ते मंडळाच्या खोलीत आले आणि दुहेरी पंखांची पेटी त्यांनी उघडवली.

"भिमा, पंख कसे आहेत रे?"

चार पावसाळ्यांची ओल आणि कीड यांनी पेटीत निवांत काम केले होते. लाकडाचा नुसता भुसा उरला होता. माधवरावांनी आत हात घातला आणि त्यांना कळले. मग त्यांनी मूठभर भुसा घेतला, चाचपडत खिडकी गाठली आणि फुंकर मारली.

"उडालं का रे?"

"व्हय आबा," भिमाजी डोळे पुसत म्हणाला, "लय झ्याक उडालं."

नोंदवहीत मी लिहिले: उड्डाण दुसरे. खिडकी ते कुंपण. चिंच टळली. नियमभंगाबद्दल अध्यक्षांना समज देण्यात आली.

दुसरी पेटी शाबूत आहे (उघडलेलीच नाही, म्हणजे शाबूतच). ती केव्हा उघडावी यासाठी चौथी पोटसमिती नेमली आहे.

हसलात ना? हसा खुशाल. आमच्या मंडळात प्रवेशअर्ज नसतो. 'एकदा सवड मिळाली की' म्हणून ज्याने घरात काहीतरी बांधून ठेवले आहे, तो आपोआप सभासद. तुमचे नाव आम्ही केव्हाच घालून ठेवले आहे. हरकत असेल तर आत्ता उठा आणि माळ्यावरची पेटी उघडा. आधी कोणती उघडावी असा प्रश्न पडलाच, तर रविवारी सभा आहे.