बरं वाटण्याची तपासणी

मिरजगावच्या सहादेवचं पोस्टकार्ड मी चार महिने उत्तराविना ठेवलं. मी फोन उचलायला बिचकतो हे माहीत असल्याने या जुन्या सहकाऱ्याने कार्डच टाकलं होतं : ‘थॉमससर, तुम्ही सांगितलेले स्पीकर घेतले. मी आणि मुक्ता रोज संध्याकाळी गाणी ऐकतो. लई बरं वाटतं. पण ते बरोबर हाय का, कळवा.’

मी नगरच्या शुद्धश्रवण मंडळाचा चिटणीस. मंडळाच्या तपासणी-नमुन्यात अठ्ठावीस रकाने आहेत. ‘बरं वाटतं’ हा त्यांत नाही. स्वतःच्या मतावर माझा विश्वास नसल्याने मी कार्ड अध्यक्ष एडविन यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तपासणी लावली.

पहिल्या फेरीत, सहादेवच्या खोलीत माईक लावून काढलेल्या आवाजाच्या आलेखावर खर्जापाशी टेंगूळ निघालं. म्हणून स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, आणि खाट ओसरीवर गेली. खोली घुमू लागली, तेव्हा भिंतींना गोधड्या टांगल्या. पांघरायला चादरी उरल्या. दुसऱ्या फेरीत, ऐकण्याची शास्त्रोक्त जागा खोलीत एकच असल्याचं सिद्ध झालं. तिथे सहादेवची खुर्ची ठेवून मुक्ताबाईंना स्वयंपाकघरात हलवण्यात आलं.

तिसऱ्या फेरीतही आलेखाचं एक टोक थरथरत राहिलं. शोध घेता ते मुक्ताबाईंचं गुणगुणणं निघालं. एडविन यांनी त्यांना गाणं चालू असताना गप्प राहण्याची लेखी सूचना दिली.

मुक्ताबाईंनी ती वाचून घडी घातली. “सायेब, तुमचं यंत्र जेवनार हाय का? म्हंजे एक भाकर जास्ती टाकते.”

आलेख अखेर पट्टीने आखल्यासारखा सरळ आला. सहादेवला प्रमाणपत्र मिळालं. निघताना मी हळूच विचारलं, आता कसं वाटतं?

“लई बरोबर वाटतं, सर. पन ऐकू वाटत न्हाई. मुक्ता संध्याकाळी शेजारनीकडं जाती. तिथला टीव्ही फाटक्या आवाजाचा हाय, पन गाऊ देत्यात.”

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी, माईक उभा राहण्याआधी, तिथे चाललेल्या गाण्यावर माझा पाय ठेका धरत होता. रकान्याअभावी नोंद झाली नाही.

काल मी कार्ड लिहिलं : ‘सहादेव, खाट आत घे. वहिनींना तुझ्या शेजारी बसव, गाऊ दे. मलाही बरं वाटलं होतं.’

वाचकांनी ही हकीकत आवडली की नाही हे इतक्यात ठरवू नये. इतरांनी तिला किती तारे दिले ते मोबाईलवर पाहावं आणि मगच हसावं. जेवणापासून डॉक्टरपर्यंत आपली पद्धत तीच आहे. मी मात्र आज सकाळी, एडविन यांना न विचारता, कार्ड पेटीत टाकलं. मग बोटं आत घालून ते परत निघतं का, तेही पाहिलं. निघत नाही.