हरेश्वरभाऊंचा रिजेक्ट माल

आमच्या शेजारच्या हरेश्वरभाऊंकडे तुम्ही मे महिन्यात भर दुपारी गेलात तरी पंखा बंद. वीज असते, पंखाही धड आहे, पण लावायचा नाही. का, तर भाऊ छर्ऱ्यांची वजनं करत बसलेले असतात. पंख्याचं सोडा, तुमचं बोलणंसुद्धा त्यांना चालत नाही. "माई, श्वास तिकडं सोडा! काटा हलतो." अहो, मी अडुसष्ट वर्षांची बाई, बोईसरच्या उकाड्यात घामानं निथळत उभी, आणि हा माणूस मला श्वास कुठल्या बाजूला सोडायचा ते शिकवणार!

छर्रे म्हणजे एअर पिस्तुलाचे. पिस्तूल भाऊंचं नव्हे, त्यांच्या बायकोचं, प्रमिलाचं. ती पालघरच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. शाळेच्या मुलींना नेमबाजी शिकायला घेऊन गेली आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःच शिकून आली. दहा मीटरवर कागद लावायचा आणि मधल्या टिकलीवर नेम धरायचा. ज्येष्ठांच्या गटातून दोनदा राज्य स्पर्धा खेळून आली आहे. शांत बाई. तिनं नेम धरायचा आणि यांनी शेजारी उभं राहून जगाशी भांडायचं, अशी त्यांच्या संसारातली वाटणी.

भाऊ मूळचे पालघरजवळच्या माहीमचे, बागायतदाराच्या घरातले. तारापूरच्या कारखान्यात तीस वर्षं तयार माल तपासायचे. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. पाचशे छर्ऱ्यांचा डबा आला की एकेक छर्रा भिंगाखाली. छर्रा केवढा, तर डाळीच्या दाण्याएवढा. वर सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली घेर. त्या घेराला भाऊ परकर म्हणतात. माडीच्या खिडकीत उजेडाला बसून ओरडतात, "परकर वाकडा हाय हिचा! रिजेक्ट!" खालून जाणाऱ्या बायका आधी स्वतःकडे बघतात, मग वर बघून शिव्या घालतात. घालू देत. मीसुद्धा घालते.

भिंगातून पास झालेले छर्रे काचेवर जातात. काच तिरपी धरून छर्रा घरंगळत सोडायचा. सगळे एकाच वळणानं गेले पाहिजेत, जो भरकटला तो बाद. ही काच कुठली, तर लग्नाच्या फोटोची काढलेली! आता फोटो उघडा आणि नवरानवरीच्या नाकावर धूळ. त्यानंतर सोनाराकडे असतो तसला इलेक्ट्रिक काटा. एका वजनाचे एकत्र ठेवायचे म्हणून एकदा या गृहस्थांनी इडलीपात्र घेतलं. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. "अहो, शिसं आहे ते! विष! त्यात उद्या इडल्या लावणार?" तर म्हणतात, "माई, खळगे किती सारखे हायत बघा तरी." दुसऱ्या दिवशी प्रमिलासाठी नवं इडलीपात्र आणलं, पण दुकानात उभं राहून चार पात्रं रिजेक्ट करूनच.

दिवाळीला मी लाडू घेऊन गेले तर दोन लाडू काट्यावर ठेवून मला सांगतात, "चार ग्रामचा फरक हाय." मी ताट उचललं आणि घरी परत आले. प्रमिला मागून धावत आली, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी.

ही सगळी गंमत होती तोवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी प्रमिलाचे नेम चुकायला लागले. जिथं नऊ आणि दहा गुण पडायचे तिथं सात पडायला लागले, कधी सहा. आणि भाऊंनी जो थयथयाट सुरू केला, त्याला सीमा राहिली नाही. डबे परत, नवे डबे, ते परत. दुकानदाराला फोनवर, "भाईसाब, ये छर्रा है के पावटा? मेरे बायको का नाम खराब होता है!" सरावाच्या हॉलमध्ये चारचौघांत डबा आपटायचे. "रद्दी माल! एका छर्ऱ्याचं डोकं दुसऱ्याला जुळत नाय!" प्रमिला मान खाली घालून उभी. तिच्याकडे बघून मलाच लाजल्यासारखं व्हायचं, आणि यांचा असा संताप यायचा की बस.

एक दिवस मी बोललेच. "भाऊ, साठीची बाई आहे ती. तिचे डोळे दाखवा, हात दाखवा डॉक्टरला. त्या छर्ऱ्यांच्या मागे काय लागलात?"

भाऊ ताडकन उठले. "माई, माझ्या घरात हाताचं नाव काढायचं नाय! तुमाला छर्ऱ्यातलं काय कळतं? चला!"

घराबाहेर काढलं हो मला. वीस वर्षांचा शेजार. पंधरा दिवस मी त्यांच्या दाराकडे पाहिलं नाही.

मग प्रमिला भाचीच्या हळदीला मनोरला गेली. तिची कढई माझ्याकडे होती. म्हटलं, मागच्या दारानं ठेवून निघून यावं, तोंड बघायला नको. मागच्या बोळात गेले तर टक्, टक् आवाज. पाहते तर भाऊंनी लोखंड पकडायच्या व्हाइसमध्ये प्रमिलाचं पिस्तूल चामड्यात गुंडाळून घट्ट आवळलेलं, आणि बोळाच्या टोकाला कागद. हात लावायचा तो फक्त घोड्याला. पिस्तूल जागचं हलत नव्हतं.

टेबलावर दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं 'पास, दहा छर्रे', दुसऱ्यावर 'रिजेक्ट, दहा छर्रे'. दोन्ही कागदांना एकेकच भोक. दहा छर्रे एकाच भोकातून गेलेले. पासचे तसे, रिजेक्टचेही तसेच.

ते कागद बघितले आणि मी असली भडकले! "म्हणजे छर्रे चांगले आहेत! तुम्हाला माहीत आहे! मग सहा महिने हा तमाशा कशासाठी? त्या दुकानदाराला, तिला, मला, सगळ्यांना का छळलंत?"

भाऊंनी कागद घडी करून खिशात घातले.

"तिचा हात हलतो, माई. डॉक्टर बोलले, आता हलणारच. वाढत जाणार." मग व्हाइसचा दांडा फिरवून पिस्तूल सोडवायला लागले. "ती मला बोलली हाय, 'ज्या दिवशी चूक माझ्या हाताची असेल, त्या दिवशी मी पिस्तूल ठेवून देईन.' मग सकाळी उठून करंल काय ती? म्हणून मी बोलतो, छर्रे खराब हायत. डबा बदलता येतो."

मी कढई ठेवली. माझा राग कुठं गेला नव्हता, पण आता तो काढायचा कुणावर ते कळेना.

महिन्याभरानं पालघरला निवड चाचणी होती. मी गेले सोबत. प्रमिलानं साठ छर्रे मारले. पहिले वीस चांगले गेले. नंतर पिस्तूल उचलायची, खाली ठेवायची, परत उचलायची. यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं.

भाऊ सुरू झालेच. "बघा! बघा हा माल! परकर बघा याचे!" लोक तोंड लपवून हसायला लागले. ते हसताना पाहून माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी पुढं झाले, भाऊंच्या हातातला डबा घेतला आणि टेबलावर असा आपटला की पंचसुद्धा वळून बघायला लागले.

"खरंच रद्दी आहे!" मी ओरडले. "असले छर्रे विकतात? लाज नाही वाटत? एकाचं तोंड दुसऱ्याला नाही! इतकी चांगली नेमबाज बाई, आणि या भंगारापायी..." काय काय बोलले ते माझं मलाच आठवत नाही. भाऊ माझ्याकडे बघतच राहिले.

प्रमिला पिस्तूल पेटीत ठेवत होती. पेटीची कडी तिला लागेना. एकदा निसटली, दोनदा निसटली. आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे राहिलो. तिसऱ्यांदा कडी लागली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"माई, तुम्हाला कधीपासून छर्ऱ्यातलं कळायला लागलं?"

तिनं पेटी भाऊंच्या हातात दिली आणि साडीचा पदर नीट केला.

"पुढल्या वेळी दुसरा डबा बघा हो," ती त्यांना म्हणाली. "हा खरंच खराब आहे."