दोनदारी जर्मन गाडीने साडूची वेस सर केली त्याची हकीकत

सकळगुणालंकृत, पार्किंगधुरंधर, अखंडितमेंटेनन्सदाते, इमारतीचे समस्त रहिवासी यांसी तळमजल्यावरील बखरकाराचा दंडवत. आपण जिन्यात गाठून आज्ञा केली की, वरच्या मजल्यावरील दंतवैद्य सरकारांनी जुनी जर्मन गाडी कैसी खरेदिली, ती पदरी बाळगिता कोणकोणते हाल सोसले, आणि अखेर साडूच्या दारी फत्ते कैसी पावली, तो मजकूर साद्यंत लिहावा. कारण ज्याला विचारावे तो निराळेच सांगतो आणि लिफ्टमध्ये भांडणे होतात. त्यास आम्ही काही पाहिले, काही ऐकिले, आणि जे पाहिले-ऐकिले नाही ते बखरकाराच्या अधिकारात जाणिले, ऐसे करून लिहीत आहो. सदर गाडीने आमच्या दारापुढे सांडलेल्या तेलाचा डाग अद्याप कायम आहे, तरी त्यापायी लेखणीत आकस येऊ दिला नाही. थोडा आला असेल तर वाचणाराने तो पुसून घ्यावा.

दंतवैद्य सरकार मोठे हिकमती. हात हलका, जबान गोड, दाढ उपटून हाती दिली तरी रोगी आभार मानून जाई, ऐसा लौकिक. परंतु अंतःकरणी एक सल होता. विद्यार्थीदशेत असता कॉलेजाच्या फाटकाशी एक जर्मन गाडी उभी राहात असे, लांब नाकाची, बुटक्या बांध्याची, दोनच दारांची, जिला जाणकार लोक कूपे म्हणतात, आणि सरकार तेव्हा सायकलस्वार, आणि एके दिवशी काचेला नाक लावून आतील कातडी आसने निरखीत असता पहारेकऱ्याने मागून फर्माविले की, "ए, नाक काढ तिथून, काचेला डाग पडतात." मग नाक काढिले. पुढे दवाखाना थाटला, लग्न जाहले, मस्तकावरील केस विरळ जाहले, परंतु मनाने सरकार अजून त्या काचेलाच नाक लावून उभे होते. हे दुःख हसण्यासारखे आहे खरे, पण ज्याचे त्याला ठाऊक.

मग बहुत वर्षांनी तैसीच गाडी, मोरपंखी रंगाची, एका वृद्ध वकिलाच्या पदरी असून ते ती देऊ करितात, ऐसी बातमी आली. सरकारांनी दवाखाना अर्ध्यात बंद केला, एका रोग्याच्या तोंडात कापूस तैसाच राहिला, आणि स्वारी वकिलांचे दारी दाखल जाहली. वकिलांनी दार उघडून दाखविले, आसन तापविण्याची कळ दाखविली, छताची खिडकी दाखविली, आणि इंजिन दाखविण्याची पाळी येताच चहा मागविला. किल्ली देते समयी त्यांचे डोळे भरून आले. सरकारांना वाटले, वियोगाचे अश्रू. ते सुटकेचे होते, हा उलगडा पुढे जाहला.

गाडी इमारतीत दाखल होताच समस्त लोक आवारात जमा जाहले. सरकारांच्या सासूबाई, ज्या लेकीकडेच राहात असत, त्यांनी गाडीस संपूर्ण प्रदक्षिणा घातली आणि भर दरबारी सवाल केला की, "जावईबापू, बाकीचे दोन दरवाजे दिलेच नाहीत का त्यांनी? मागून घ्यायचे ना!" सरकारांनी खुलासा केला की, ही रीतच आहे, दारे जितकी कमी तितका मान अधिक. त्यावर सासूबाई म्हणाल्या की, मग तर आमचे कपाट फारच मानाचे. सरकारांच्या पत्नी, ज्यांना बाईसाहेब म्हणतात आणि ज्या शाळेत गणित शिकवितात, त्यांनी गाडीकडे, मग सरकारांकडे, मग पुन्हा गाडीकडे पाहिले. सरकार फडक्याने तिचे आरसे पुसत होते. तेव्हापासून बाईसाहेबांनी तिचे नाव 'सवत' ठेविले आणि घरात तेच चालू जाहले.

आता सवतीचे गुण लिहितो. किल्ली फिरविताच समोरील तबकडीवर तांबडे, पिवळे, नाना रंगांचे दिवे उजळत. त्यातील काही विझत आणि बाकीचे मुक्कामास राहात. डाव्या बाजूची काच खाली जाई ती स्वखुशीने वर येत नसे. आसन तापविण्याची कळ ऐन उन्हाळ्यात आपोआप चालू होई, तेणेकरून सरकारांचे रोगी म्हणू लागले की, डॉक्टर हल्ली उभ्यानेच काम का करितात? या सर्वांवर इलाज करणारे एक मेकॅनिक, त्यांना लोक उस्ताद म्हणत. उस्तादांचा दरारा बहुत. ते बॉनेट उघडून आत पाहात, मग आकाशाकडे पाहात, मग हात पुसून एकच वाक्य उच्चारीत की, "साहेब, पार्ट येतोय." पार्ट जहाजातून येत होता, गोदीत उतरत होता, उतरून चुकीच्या गावी जात होता, परंतु येत होता. तोवर सवत उस्तादांच्या छावणीत, आणि सरकार रिक्षात.

तरी बाईसाहेबांनी हे सर्व सोसले. परंतु एका लग्नसमारंभाहून परतताना सवत भर चौकात बसली, मग सरकार सुकाणू धरून आत, आणि बाईसाहेब ठेवणीतील साडीचा पदर खोचून मागून धक्का मारीत आहेत, ऐशा समयी त्यांचे थोरले मेहुणे, म्हणजे सरकारांचे साडू, आपल्या नव्या कोऱ्या उंच गाडीतून तेथे पातले. साडूंनी काच खाली केली. थंड हवेची झुळूक बाईसाहेबांच्या घामेजल्या तोंडावर आली, आणि साडू वदले की, "काय हो डॉक्टर, व्यायाम का?" इतके बोलून काच वर केली आणि निघून गेले. साडूची गाडी वळणापार जाईतो बाईसाहेब एकटक पाहात होत्या. ते पाहणे वर्गातील शेवटच्या बाकावरील पोरांनाच ठाऊक आहे.

त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर बाईसाहेबांचे फर्मान सुटले. प्रश्नपत्रिका काढण्याचा सराव, सबब शब्द न् शब्द तोलून की, "येत्या रविवारी आईला घाटापलीकडे ताईकडे पोचवायचंय. तुमची गाडी आपल्या चाकांवर ताईच्या फाटकाच्या आत गेली पाहिजे. आपल्या घरच्या कुणाचाही हात मागून लागता कामा नये. लागला, तर सोमवारी तिला भंगारात घालायचं. आणि नंतर तोंड पाडून बसायचं नाही." सरकारांनी पुसले की, भंगारातच का, दुसऱ्यास विकू नये? त्यावर बाईसाहेब म्हणाल्या की, दुसऱ्याच्या बायकोनं माझं काय वाईट केलंय? मग सरकार उठले, खाली आले, आणि बराच वेळ गाडीत दिवे न लावता बसून राहिले. आम्ही खिडकीतून पाहिले. तेलाच्या डागाबद्दल बोलायचे होते, परंतु त्या दिवशी बोलवले नाही.

दुसरे दिवशी गाडी उस्तादांपुढे उभी केली. त्यांनी आत पाहिले, आकाशाकडे पाहिले, आणि सांगितले की, इंजिन निववणाऱ्या पाण्याच्या टाकीस चीर गेली आहे, टाकी बदलल्याखेरीज घाट चढू नये, आणि पार्ट येतोय. रविवार तर तोंडावर आला. तेव्हा सरकारांनी ती मसलत केली, जी या भूतलावर दंतवैद्याखेरीज कोणाच्याही डोक्यात येणार नाही. टाकी काढून दवाखान्यात नेली, खुर्चीवर निजविली, दिवा ओढून घेतला, बारीक यंत्राने चीर कोरून साफ केली, आणि दाढेत भरतात तो उत्तम प्रतीचा मसाला तीत भरून वरून निळा प्रकाश दिला, तेणेकरून मसाला दगडासारखा कठीण जाहला. मग सवयीने टाकीस बजाविले की, आज या बाजूने चावू नका. बाहेर बसलेल्या रोग्यांपैकी एक जण ते पाहून उठून गेला तो पुन्हा आला नाही.

रविवारी सकाळी कूच जाहले. प्रथम सासूबाईंना मागील आसनी चढविणे, हीच एक मोहीम. पुढील आसन कळ दाबता इतक्या संथपणे पुढे सरके की सासूबाईंनी मधल्या वेळात शेजारणीचा निरोप दोनदा घेतला. मग आधी उशी, मग पिशवी, मग सासूबाईंचा दुखरा गुडघा, मग बाकीच्या सासूबाई, ऐशा क्रमाने त्या आत दाखल जाहल्या, आणि म्हणाल्या की, "अगंबाई, कंबरेला किती बरं वाटतंय!" सरकारांनी तिरक्या नजरेने शेजारी बसलेल्या बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेब खिडकीबाहेर पाहात होत्या.

मजल दरमजल करीत स्वारी घाटास भिडली. सवत ऐसी चालली की, पुढील ट्रक बाजूस जाहले, दुचाकीवरील पोरे वळून वळून पाहू लागली, इंजिनाचा खर्जातला सूर डोंगरात घुमू लागला, आणि बाईसाहेबांचा हात नकळत आसनाच्या कातड्यावरून फिरला. तो त्यांनी लगेच काढून घेतला. इतक्यात उष्णतेचा काटा वर सरकू लागला. सरकारांच्या तोंडचे पाणी पळाले. इंजिनाची उष्णता ओढून घ्यावी म्हणून त्यांनी आत गरम हवेचा झोत पूर्ण सोडिला. बाहेर वैशाखातले ऊन, आणि आत भट्टी, आणि आसन तापविण्याची कळही त्याच समयी आपोआप चालू जाहली. समस्त घामाने न्हाले. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या की, "थंडीच्या दिवसांत फार छान आहे हो गाडी."

ऐसे करिता घाटमाथा आला, गाडी माथा ओलांडून उताराच्या तोंडाशी आली, आणि तेथे बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन दाढेचा मसाला टाकीतून उडाला, वाफेचे लोट उठले, आणि तबकडीवरील यच्चयावत दिवे एकदम लागले. सरकारांनी इंजिन बंद केले आणि हातब्रेक ओढिला. समोर सरळ उतार, उताराच्या पायथ्याशी मेहुणीचे घर, फाटक सताड उघडे, फाटकाच्या पुढे गतिरोधक, आणि फाटकात खुद्द साडू, मोबाइल उगारून, धक्का मारीत येणाऱ्या वरातीची तसबीर घेण्यास सज्ज. सरकारांनी सुकाणूवर डोके टेकिले आणि हळू म्हणाले की, "संपलं. फिलिंग पडलं. उद्या देऊन टाकतो तिला. तू म्हणशील तिथे देतो." आवाज कापत होता. आम्ही तेथे नव्हतो, तरी लिहिताना आमचाही कापतो.

बाईसाहेबांनी एकवार नवऱ्याकडे पाहिले. मस्तकावरील विरळ केस घामाने चिकटले होते. मग खाली साडूकडे पाहिले. मग वाफ विरेतो थांबून दिल्ली जिंकण्यास निघालेल्या सेनापतीच्या आवाजात हुकूम केला की, "अहो, ब्रेक सोडा."

सरकार म्हणाले, "इंजिन बंद आहे."

"मला दिसतंय. उतारही दिसतोय. सोडा म्हणते ना!"

मग हातब्रेक सुटला, गिअर मोकळा केला, आणि सवत निःशब्द चालू लागली. इंजिन बंद, सबब सुकाणू दगडासारखे जड; ते एका बाजूने सरकारांनी आणि दुसऱ्या बाजूने बाईसाहेबांनी धरिले, आणि लग्नानंतर प्रथमच दोघांनी एकाच दिशेस ओढिले. ब्रेकही जड, सबब सरकार त्यावर जवळजवळ उभेच राहिले. वारा सुटला, केस उडाले, आणि गतिरोधकाशी येता वेग सरला. पुढील चाके पार जाहली. मागील चाके चढावी की न चढावी, ऐसा विचार करून गाडी तेथेच डुलू लागली. कल्पान्त ओढवला. तेव्हा सासूबाई मागून कडाडल्या की, "पुढे झुका रे सगळे! पुढे!" आणि स्वतः उशीसकट पुढे झेपावल्या, आणि तिघांची तीन मस्तके काचेस भिडली, आणि सरकारांचे नाक काचेवर चेपले, आणि सवतीने एक उसासा टाकून गतिरोधक ओलांडिला, आणि फाटकातून आत जाऊन साडूंच्या नव्या गाडीच्या बरोबर आडवी, तिची वाट पुरती रोखून, आपणहून थांबली. मागून कोणाचाही हात लागला नव्हता.

साडूंचा मोबाइल तैसाच उगारलेला राहिला. ते गाडीभोवती फिरले, कान बॉनेटाशी नेला, आणि म्हणाले की, "इंजिन चालू आहे की बंद?"

"तुम्हाला काय ऐकू येतंय, भाऊजी?" बाईसाहेबांनी पुसले.

"काहीच नाही."

"मग?" ऐसे म्हणून बाईसाहेब पदर सावरून खाली उतरल्या. साडूंचा चेहरा पाहण्यासारखा जाहला. नवी गाडी घेते समयी त्यांनी विकणाराशी इंजिनाच्या आवाजावरून घासाघीस केली होती, ती त्यांना आठवली असावी.

चहा जाहला. मग साडूंना काही कामास बाहेर जाणे निघाले, आणि वाट तर अडलेली. त्यांनी विनंती केली की, डॉक्टर, जरा गाडी पुढे घेता का? सरकारांची पाचावर धारण बसली. परंतु बाईसाहेबांनी बिस्किट चहात बुडवीत निर्णय दिला की, "घाट चढून आलेली गाडी लगेच सुरू करत नसतात, भाऊजी. निवू द्यावी लागते. हातानंच सरकवा हलकेच." हे खोटे नव्हते. मग साडूंनी बाह्या सारिल्या, आणि काचेस डाग पडू नयेत म्हणून हातरुमाल मध्ये धरून, लालेलाल होईपर्यंत सवतीस मागून धक्का मारिला. आत सरकार सुकाणूवर बसले होते. बाईसाहेब पायरीवर उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की, "काय हो भाऊजी, व्यायाम का?" फर्मानात घरच्या माणसाचा हात मना होता. साडू घरचे नव्हेत, हे बाईसाहेबांनी तेथल्या तेथे ठरविले.

परतीचा प्रवास लिहिण्याची बखरकारांत चाल नाही. सवत दुसऱ्या एका वाहनाच्या पाठीवर, छत्रचामरे नसली तरी साखळदंड लावून, मागील रस्त्याने इमारतीत आली, इतकेच नमूद करितो.

सोमवार उजाडला. भंगारवाला आमच्या गल्लीतून ओरडत गेला आणि सरकार खिडकीत पांढरेफटक होऊन उभे राहिले. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिले. बाईसाहेब शाळेत निघण्याच्या घाईत फोन कानाशी धरून उभ्या होत्या, आणि पलीकडे उस्ताद होते, आणि वर्गात जैसे पुसावे तैसे त्या पुसत होत्या की, "आमच्या गाडीचा पार्ट नक्की कुठे आहे? येतोय नको. कुठे आहे ते सांगा."

'आमच्या' हा शब्द सरकारांनी ऐकिला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग पुन्हा पुसला.

येणेप्रमाणे दोनदारी जर्मन गाडीने साडूची वेस इंजिनाविना सर केली, गनिमाकडूनच धक्का घेतला, आणि सवत हे नाव घरातून रद्द होऊन ती 'आमची' जाहली, ती फत्ते येथे दाखल केली असे. सासूबाई अद्याप मेहुणीकडे असून, न्यायला तीच गाडी पाठवा, कंबर दुखतेय, ऐसा त्यांचा निरोप आला आहे. पार्ट मात्र येतोय. आणि आमच्या दारापुढील डाग काल बाईसाहेबांनी स्वतः येऊन पाहिला, आणि म्हणाल्या की, असू द्या, आमच्या गाडीचा आहे.